वाळूचा हिशेब

वैशाखात वावटळ सुटली, की नांगरलेल्या रानातली माती उडते. त्यात नवल ते काय, असे आपण म्हणतो. पण ती नेमकी कशी उडते आणि किती उडते, हे मोजून सांगणारे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे नाव राल्फ बॅगनोल्ड (१८९६–१९९०).

बॅगनोल्ड हे ब्रिटिश फौजेतले इंजिनियर. १९२६ साली त्यांची नेमणूक इजिप्तमध्ये झाली. सुटीत मित्रांना घेऊन, साध्या फोर्ड मोटारींतून ते लिबियाच्या वाळवंटात हिंडत. तेथील वाळूच्या टेकड्या किती रेखीव! काही तर हुबेहूब चंद्रकोरीसारख्या; दोन्ही टोके वारा जातो त्या दिशेला. ही शिस्त आली कोठून? १९३५ साली फौजेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात एक लांब बोगदा उभारला, त्यात वाळू पसरली आणि वारा सोडून पाहिले.

काय दिसले? वाळू हवेत तरंगत नाही, ती उड्या मारते. कण उचलला जातो, वारा त्याला पुढे रेटतो, तो खाली आपटतो आणि त्या धक्क्याने आणखी कण उडवतो. सिमेंटसारखी बारीक भुकटी सपाट बसलेली असेल, तर ती जोराच्या वाऱ्यालाही दाद देत नाही. वाळूचे कण आपटले की मात्र उठते. गाडीवाटेवरचा फुफाटा गुरांच्या खुरांनी एवढा का उठतो, त्याचे मर्म हेच.

आता शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट. वाळू वाहू लागल्यावर वाऱ्याचा जोर दुप्पट झाला, तर वाळू दुप्पट नव्हे, सुमारे आठपट वाहते! मग उलटा हिशेब करा. बांधावरच्या झाडांनी वारा निम्मा अडवला, तर नुकसान आठव्या हिश्श्यावर येते, कदाचित त्याहूनही खाली. रानात ठेवलेली धसकटेसुद्धा वाऱ्याला जमिनीशी भिडू देत नाहीत. वरचा सुपीक थर एकदा गेला, की तो आपल्या हयातीत परत येत नाही.

हे सारे बॅगनोल्ड यांनी १९४१ साली ग्रंथरूपाने मांडले. १९४४ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. मंगळावरच्या काही टेकड्यांना आज त्यांचे नाव आहे. २०१५ साली क्युरिऑसिटी हे यान तेथे पोहोचले.

गुरुजनहो, वर्गात एका परातीत कोरडी वाळू घ्या, दुसरीत ओली, आणि मुलांना पुठ्ठ्याने वारा घालू द्या. मग विचारा, कोणती उडाली आणि का? उत्तर त्यांचे त्यांनाच शोधू द्या.