पडद्यावरची नदी आणि गावची नदी

'पाणी' या मराठी चित्रपटाला पर्यावरण संवर्धनावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २०१९ साली जाहीर झाला. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडी गावाने पाण्यासाठी केलेल्या खऱ्याखुऱ्या धडपडीवर आदिनाथ कोठारे यांनी तो बेतला होता. सर्वसामान्य प्रेक्षकाला मात्र तो चित्रपटगृहात पाहायला मिळाला ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधली दोन वर्षे कोविडने खाल्ली हे खरे, तरी पाच वर्षांचा विलंब तेवढ्याने उलगडत नाही. राष्ट्रीय पुरस्कार आणि ओळखीचे चेहरे पाठीशी असलेल्या चित्रपटाला इतके थांबावे लागत असेल, तर वाळूउपशावर किंवा कोरड्या पडलेल्या विहिरींवर वीस मिनिटांचा माहितीपट करणाऱ्याने तो दाखवायचा कुठे? मल्टिप्लेक्समध्ये त्याला खेळ मिळत नाही आणि वाहिन्यांवर जागा मिळत नाही. उरतात ते पर्यावरण चित्रपट महोत्सव. पण चित्रपटांना पडदा मिळवून देणे एवढेच त्यांचे काम मानले, तर आपण त्यांना फार कमी लेखतो. एखाद्या प्रदेशाशी, तिथल्या नदीशी आणि डोंगराशी बांधलेला महोत्सव लोकांना एकत्र आणून कामाला लावू शकतो. म्हणून असे महोत्सव महानगरांपुरते न राहता जिल्ह्या-तालुक्यांपर्यंत पोहोचले पाहिजेत.

हे कसे घडते, याचे एक ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. कॅलिफोर्नियातले नेवाडा सिटी हे जेमतेम तीन हजार वस्तीचे, सोन्याच्या खाणींच्या काळात वसलेले डोंगराळ गाव. तिथल्या साउथ युबा नदीवर धरणे बांधण्याचे बेत पुढे आले, तेव्हा १९८३ साली नागरिकांनी एकत्र येऊन संघटना उभारली. सोळा वर्षांनी, १९९९ मध्ये, नदीच्या ३९ मैलांच्या पट्ट्याला राज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले. चळवळी बहुधा अशा विजयानंतर विसावतात. या संघटनेने मात्र २००३ मध्ये पर्यावरण चित्रपटांचा महोत्सव सुरू केला आणि कायद्यातल्या 'वाइल्ड अँड सीनिक' या संज्ञेचेच नाव त्याला दिले. पुढे त्यातले निवडक चित्रपट गावोगावच्या संस्थांना दाखवण्यासाठी मिळू लागले, आणि त्या संस्था अशा खेळांतून निधी आणि नवे कार्यकर्ते जमवतात. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी नदी, मग माणसे, आणि त्या माणसांना टिकवून धरण्यासाठी चित्रपट.

महाराष्ट्रात या वाटेने सर्वांत दूरवर गेला आहे तो २००७ साली पुण्यात सुरू झालेला किर्लोस्कर वसुंधरा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव. चित्रपटांच्या जोडीला व्याख्याने, छायाचित्रांची प्रदर्शने आणि विद्यार्थ्यांसाठी उपक्रम अशी त्याची रचना राहिली, आणि तो कोल्हापूरसारख्या शहरांतही गेला. त्याच्याच नावाने पुण्यात रामनदीच्या पुनरुज्जीवनाचे अभियान उभे राहिले. भूकूम, बावधन, पाषाण असा प्रवास करत मुळेला मिळणारी ही छोटी नदी वाढत्या वस्तीने आणि सांडपाण्याने नाल्यासारखी करून टाकली आहे. अभियानामुळे ती लगेच निर्मळ झाली असे कोणी म्हणणार नाही. पण दूरदेशीच्या नदीचा चित्रपट पाहिलेल्या प्रेक्षकाला घराजवळच्या नदीकाठी नेण्याची सोय त्यातून झाली. कोल्हापुरात पंचगंगेचे प्रदूषण हा घरोघरचा विषय आहे. तिथे दुसऱ्या एखाद्या नदीची कथा पडद्यावर आली, की प्रेक्षक ती आपल्या पंचगंगेशी ताडून पाहणारच.

चित्रपटाने प्रत्यक्षात काही बदलते का, हा पहिला आक्षेप. त्याला गुजरातच्या किनाऱ्यावरून उत्तर देता येते. माइक पांडे यांनी २००० साली व्हेल शार्कच्या कत्तलीवर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला. २००१ मध्ये भारताने या माशाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले, आणि पुढे रामकथाकार मोरारीबापूंनी या माशाला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा देऊन मच्छीमारांना साद घातली. दुसरे उदाहरण नागालँडचे. २०१२ मध्ये दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून हजारो अमूर ससाणे मारले जात होते. त्याचे चित्रीकरण बाहेर येताच देशभर खळबळ उडाली आणि पुढच्याच वर्षी ही शिकार थांबली. ही सारी किमया एकट्या कॅमेऱ्याची नव्हती. गुजरातेत कायदा आला, पाठोपाठ मच्छीमारांशी संवाद झाला आणि कापलेल्या जाळ्यांची भरपाई मिळाली. नागालँडात पांगती आणि शेजारच्या गावांनी स्वतः निर्णय घेतला. चित्रपटाने प्रश्न नजरेआड होऊ दिला नाही, तो सुटला स्थानिक माणसांमुळे. म्हणूनच असा चित्रपट आधी त्या माणसांपुढे दाखवला गेला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा, की या महोत्सवांना आधीच पटलेली मंडळीच येतात. महानगरांतल्या सभागृहांपुरता तो बराचसा खरा आहे. त्यावर उपाय महोत्सव बंद करणे हा नसून जागा बदलणे हा आहे. मच्छीमार सोसायटीच्या आवारात, साखर कारखान्याच्या परिसरात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत पडदा लागला, तर समोर बसणारा प्रेक्षक आपोआप वेगळा असेल. तिसरा आक्षेप प्रायोजकांबद्दल आहे: उद्योगांच्या पैशावर पर्यावरणाचा जागर कसा करायचा? ही शंका रास्त आहे. पण प्रायोजक असणे हाच दोष नव्हे. चित्रपटांची निवड स्वतंत्र समितीकडे असावी, पैसे कोणी किती दिले हे जाहीर असावे, आणि प्रायोजकाच्याच क्षेत्रातल्या प्रदूषणावरचा चित्रपट वगळला जाऊ नये. या तीन अटी पाळणाऱ्या महोत्सवावर विश्वास ठेवायला हरकत नाही. सगळे काही मोबाइलवर मिळत असताना महोत्सव कशाला, असेही विचारले जाते. मोबाइलवर माणूस एकटा पाहतो आणि पुढे सरकतो. सभागृहात त्याच्या शेजारी सरपंच बसलेला असतो, मागच्या रांगेत प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी असतो आणि चित्रपट संपल्यावर प्रश्न विचारण्याची मुभा असते.

मोबाइलचे मोल तरीही मोठे आहे, कारण चित्रीकरण आता कोणाच्याही हाती आले आहे. महाराष्ट्रात २०१८च्या अखेरीस संरक्षित सागरी जीव सोडवताना जाळे कापावे लागल्यास मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना आली. त्यासाठी पुरावा म्हणून मच्छीमाराने स्वतः काढलेली छायाचित्रे किंवा चित्रफीत चालते. समुद्रात कासव सोडवणारा मच्छीमार असा स्वतःच छायाचित्रकार झाला आहे. त्याच्या चित्रफिती त्याच्याच बंदरावर, मोठ्या पडद्यावर दाखवणारा महोत्सव हवा. नगरपालिकांनी वर्षातून तीन दिवस नाट्यगृह नाममात्र भाड्याने द्यावे, महाविद्यालयांनी मराठी उपशीर्षकांची जबाबदारी घ्यावी, आणि प्रत्येक महोत्सवाने आपल्या प्रदेशातला एक प्रश्न निवडून पुढच्या वर्षी त्याचा जाहीर हिशेब द्यावा. वाचकांनीही आपल्या गावात असा महोत्सव होत नसेल, तर तो का होत नाही, हे नगरपालिकेला आणि महाविद्यालयाला विचारावे.