सागरमाळावर शिकायला आलेली मुलं

राजारामपुरी मागे टाकून सायबर चौकाच्या पुढं गेलं की कोल्हापूरचा गलबला ओसरतो आणि झाडी सुरू होते. प्रवेशद्वारातून आत शिरताच घोड्यावर स्वार झालेल्या शिवछत्रपतींचा भव्य पुतळा दिसतो आणि त्याच्यामागे विद्यापीठाची मुख्य इमारत. जून-जुलैत इथं दर दिवशी तेच चित्र असतं. हातात प्लॅस्टिकची फाइल घेतलेली मुलगी, बरोबर धोतर किंवा पांढरा लेंगा-सदरा घातलेले वडील, आणि पुतळ्यासमोर दोघांचा मोबाइलवर काढलेला फोटो. प्रवेश पक्का झालेला असतोच असं नाही. पण घरातून पदव्युत्तर शिक्षणाला निघालेली ती पहिलीच असते, आणि फोटोसाठी तेवढं कारण पुरतं.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना 18 नोव्हेंबर 1962 ची. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते उद्घाटन झालं तेव्हा चीनशी युद्ध चालू होतं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते आणि अवघ्या काही दिवसांत संरक्षण खातं सांभाळायला दिल्लीला जायचे होते. त्याआधी या भागातली महाविद्यालयं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. चंदगड किंवा जतच्या मुलाला एम. ए., एम. एस्सी. करायचं तर बहुतेक वेळा पुणं गाठावं लागे आणि पुण्यात राहण्याचा खर्च झेपत नसेल तर शिक्षण तिथंच थांबे. नव्या विद्यापीठाच्या वाट्याला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि रत्नागिरी असा मोठा मुलूख आला. पुढं रत्नागिरी मुंबई विद्यापीठाकडे गेली, 2004 मध्ये सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ झालं, आणि आज कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे उरले आहेत. सुरुवातीला चौतीसच्या आसपास असलेली संलग्न महाविद्यालयं आता तीनशेच्या घरात पोचली आहेत.

पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार हे इतिहासाचे अभ्यासक. ताराबाईच्या काळातली कागदपत्रं संपादित करणारा हा माणूस विद्यापीठाच्या वाट्याला आलेल्या उघड्या माळावर उभा राहिला आणि तेरा वर्षं तिथंच राबला. साडेआठशे एकरांचा हा माळ तेव्हा खडकाळ, वाऱ्याचा आणि पाण्यावाचूनचा. आज तिथं तळी आहेत, विहिरी आहेत, पावसाचं पाणी अडवलेलं आहे, पहाटे मोरांचा आवाज येतो. वनस्पतिशास्त्र विभागाची बाग तर आवर्जून पाहावी अशी आहे. पश्चिम घाटातल्या दुर्मीळ वनस्पती, विशेषतः कंदीलपुष्पाच्या जाती, तिथं निगुतीनं जपल्या आहेत. बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांच्या नावाचं ग्रंथालय, वि. स. खांडेकरांच्या आठवणी जपणारं संग्रहालय, राजर्षी शाहू सभागृह ही ठिकाणं पाहुण्यांना दाखवली जातात. 2021 मध्ये नॅकनं या विद्यापीठाला ए प्लस प्लस श्रेणी दिली, 3.52 गुणांसह. या सगळ्याचा अभिमान वाटतोच. पण मला हे विद्यापीठ मोठं वाटतं ते दुसऱ्याच एका कारणासाठी, आणि ते समजायला विद्यापीठाच्या जन्माच्या साठ वर्षं आधी जावं लागतं.

1901 मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्याच सुमारास जैन बोर्डिंग उभं राहिलं. 1906 मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी संस्था निघाली आणि तिचं अध्यक्षपद खुद्द महाराजांनी घेतलं. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. लिंगायत, प्रभू, सारस्वत, शिंपी अशा एकेका समाजासाठी जागा, इमारत, अनुदान देत त्यांनी वसतिगृहांचं जाळंच उभं केलं. दसरा चौकात उभं राहिलं तर यातली काही एका नजरेत दिसतात. महाराजांना एक गोष्ट नेमकी कळली होती. राजाराम कॉलेज शहरात होतंच, पण खेड्यातल्या पोराला शिकण्याआधी रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी लागते. शाळा-कॉलेजचं दार उघडं असून उपयोग नसतो, जर त्या दारापर्यंत पोचणाऱ्याला शहरात मुक्काम करता येत नसेल.

या बोर्डिंगांपैकी जैन बोर्डिंगात एक विद्यार्थी राहून गेला, भाऊराव पाटील. त्यानं हा धडा पुढं नेला. 1919 मध्ये काले इथं रयत शिक्षण संस्था, 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग, आणि 1947 मध्ये साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज, जिथं मुलं कामं करून शिकत. बोर्डिंगात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं, ही हकिगत सातारा-सांगलीकडच्या घरोघरी सांगितली जाते. कोल्हापूरचं विद्यापीठ या मातीतून उगवलं आहे. ‘कमवा आणि शिका’ ही योजना आप्पासाहेबांनी इथं आणली ती शोभेपुरती नव्हती. विद्यार्थी भवनातली मुलं सकाळी काही तास बागेत, छापखान्यात, ग्रंथालयात, विभागांच्या कार्यालयांत काम करतात आणि मग वर्गात बसतात. त्या कामाच्या बदल्यात राहण्या-जेवण्याची सोय होते. इथून शिकून प्राध्यापक, अधिकारी झालेली माणसं आजही ‘आम्ही भवनातले’ अशी ओळख देतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जरा उंच होतो.

आता खर्चाकडे येऊ, कारण प्रवेशाला आलेल्या प्रत्येक घरात पहिला प्रश्न तोच असतो.

पारंपरिक अभ्यासक्रमांचं शुल्क इथं हजारांत असतं, लाखांत नाही. शासकीय विद्यापीठाचा हा मोठाच आधार आहे. पण शुल्क सगळीकडे सारखं नसतं. विभाग असो की संलग्न महाविद्यालय, जागा ‘ग्रँटेबल’ आहे की ‘नॉन-ग्रँट’, हे आधी विचारावं लागतं. अनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून शुल्क कमी. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसाहाय्यित तुकडीत तोच अभ्यासक्रम, तोच पेपर, पण पैसे कितीतरी जास्त. गुणवत्ता यादीत चार-दोन टक्के कमी पडलेल्या मुलाला ही दुसरी जागा मिळते आणि घरात रात्रभर हिशेब चालतो. गुण कमी पडण्यामागे बहुतेक वेळा गावातल्या महाविद्यालयात विषयाला पूर्णवेळ प्राध्यापकच नव्हता, हे कारण असतं. म्हणजे ज्याला आधीच कमी मिळालं, त्यालाच पुढं जास्त मोजावं लागतं. हे मला अन्यायाचं वाटतं आणि त्यावर पुरेसं बोललं जात नाही.

शुल्क भरून झालं की खरा खर्च सुरू होतो. विद्यापीठाच्या वसतिगृहांत खोल्या मर्यादित आहेत. यादीत नाव लागलं नाही तर राजेंद्रनगर, सागरमाळ, राजारामपुरीच्या गल्ल्या पालथ्या घालायच्या. ‘कॉट बेसिस’चे बोर्ड दिसतात, तिघाचौघांत एक खोली, अनामत रक्कम एकदम द्यायची. जेवणाला मेस किंवा महिन्याचा डबा. कितीतरी मुलं आठवड्याला एसटीनं घरून भाकरी, चटणी, खर्डा मागवतात. गावाकडून येणाऱ्या गाडीच्या वाहकाशी ओळख असणं हीसुद्धा इथं मोठी सोय आहे.

या भागाचं अर्थकारण उसाचं आणि दुधाचं. उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि बिलं त्यानंतर हप्त्याहप्त्यानं हातात पडतात. प्रवेश मात्र जून-जुलैत. त्या दिवसांत घरातली रोकड पेरणीत, खतात आणि आधीच्या सोसायटीच्या कर्जात अडकलेली असते. मग घर चालतं ते दहा दिवसांच्या दूधबिलावर. कोल्हापूर जिल्ह्यात कितीतरी मुलींचं शिक्षण आईच्या दोन म्हशींनी केलं आहे, आणि ही गोष्ट कुठल्याही अहवालात येत नाही. जत, आटपाडी, माण, खटावकडे तर ऊसही नसायचा, तिथं दुष्काळ होता. पश्चिमेला शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगड इथं पाऊस उदंड आणि जमीन तुकड्यातुकड्यांची. त्यात 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये पंचगंगा-कृष्णेला महापूर आला तो प्रवेशाच्या आसपासच्या दिवसांत. दाखले भिजले, रस्ते तुटले, पिकं कुजली. शुल्काचे हप्ते पाडून देणं ही अशा मुलखात दयेची बाब मानू नये, तो नियमच असायला हवा.

म्हणून जमेल ती मुलं घरूनच ये-जा करतात. मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडीकडची मुलं सकाळच्या रेल्वेनं येतात, पास स्वस्त पडतो. बाकीच्यांना एसटीचा विद्यार्थी पास, ज्यात भाड्याचा एक तृतीयांश भागच भरावा लागतो. 2023 पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याचा पास नसलेल्या मुलींना फार उपयोग झाला. पण चंदगड शंभर किलोमीटरहून दूर आहे, तिथून रोज येणं शक्य नाही. घाटाखालच्या वाडीत संध्याकाळची शेवटची गाडी कधी सुटते यावर कोणता विषय घ्यायचा हे ठरतं. प्रयोगशाळेतलं काम उशिरापर्यंत चालणारा विषय अशा मुली सोडून देतात.

सरकारी मदत नाही असं नाही. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आहेत, राजर्षी शाहूंच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाचा निर्वाह भत्ता आहे. 2024-25 पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अडचण पैसे येण्याच्या वेळेची आहे. अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा, महाविद्यालयानं तो पुढं पाठवायचा, मग आधार जोडलेल्या खात्यात हप्ता पडायचा. तोवर खोलीमालक आणि मेसवाल्या काकू थांबलेल्या असतात. मेसवाल्या काकू थांबतातही, हे या शहराचं मोठेपण. पण एका बाईच्या चांगुलपणावर शासनानं आपली योजना टाकून ठेवू नये.

सीमाभागाचा उल्लेख केल्याशिवाय हे विद्यापीठ पुरं होत नाही. निपाणी, बेळगाव, खानापूरकडच्या मराठी घरांतली मुलं मराठीत उच्च शिक्षण घ्यायला इथं येतात. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या विद्यार्थ्यांना आपलं म्हणणं हे भाषणात सोपं असतं. प्रवेशाच्या खिडकीवर मात्र त्यांच्याकडे दुसऱ्या राज्याचे दाखले असतात, आणि तिथं बसलेल्या कारकुनाला ते समजून घ्यावे लागतात. विद्यापीठानं त्यांच्यासाठी सवलतींची दारं उघडली आहेत, ती आणखी रुंद व्हावीत.

इथलं जगणं नुसतं हिशेबाचं नाही. युवा महोत्सवाच्या दिवसांत लोकनृत्य, मूकनाट्य, पथनाट्य घेऊन तालुक्यातालुक्यांतून मुलं येतात. ज्या मुलीनं गावात चारचौघांत तोंड उघडलेलं नसतं ती मंचावर उभी राहते. अभ्यासिकेत रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. पदार्थविज्ञान विभागात पातळ थरांवरचं संशोधन पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे आणि शेतकऱ्यांची पोरं तिथून परदेशातल्या प्रयोगशाळांत गेली आहेत. नोकरी सोडता येत नाही त्यांच्यासाठी दूरशिक्षण आहे. गिरणीत, दुकानात, अंगणवाडीत काम करणारी माणसं परीक्षेच्या दिवसांत लेकरांना सासूकडे ठेवून पेपरला येतात.

पुढल्या वर्षी कुणाला इथं यायचं असेल तर तयारी मेमध्येच करावी. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र यांची मुदत 31 मार्चला संपली असेल तर ते नव्यानं काढावे लागतात. निकालाची वाट न पाहता सेवा केंद्रावर अर्ज टाकून ठेवावा, कारण जूनमध्ये तिथं रांग लागते आणि सर्व्हर बसतो. दुसऱ्या विद्यापीठाची पदवी असेल तर मायग्रेशन, मध्ये वर्ष गेलं असेल तर खंड प्रमाणपत्र बरोबर ठेवावं. काही विषयांना प्रवेश परीक्षा असते, तिच्या अर्जाची तारीख निकालाच्या आधीच निघून जाते आणि गावाकडची चांगली मुलं नेमकी तिथं चुकतात. यादीत नाव आलं की त्याच दिवशी वसतिगृहाचा आणि ‘कमवा आणि शिका’चाही अर्ज द्यावा. त्या अर्जाला लाजू नये. विद्यार्थी भवनात जाऊन जुन्या मुलांना विचारावं, कुठली मेस बरी, कुठल्या विभागात काम मिळतं, कुठले सर पुस्तकं देतात. ती मुलं सांगतात, आणि पहिल्या आठवड्यात आपल्या डब्यातलं वाढूनही देतात.