बलकाला काय हवं?

डेव्हिल्ड एग्ज हा अमेरिकेतल्या ईस्टरच्या जेवणात आणि सहलींच्या डब्यात हटकून दिसणारा पदार्थ. उकडलेलं अंडं उभं चिरायचं, बलक काढून मेयोनीज, मोहरीची पेस्ट, मीठ, व्हिनेगर घालून कुस्करायचा, पुन्हा पांढऱ्याच्या वाटीत भरायचा आणि वर पाप्रिका भुरभुरायची, एवढीच कृती. हल्ली त्यात जपानी मिसो आणि वासाबी, कोरियन गोचुजांग (मिरचीची आंबवलेली पेस्ट), थायलंडची श्रीराचा (तिखट सॉस) मिसळली जाते. नावीन्याच्या हौसेपायी काहीही कशातही घालण्याचा हा प्रकार आहे, असं अनेकांना वाटतं. मला मात्र ही भर अंड्याच्या स्वभावाला धरूनच वाटते. बिघडतं ते स्वैपाक करणारा जिन्नस वाढवत जातो तेव्हा. जुना काढून त्याच्या जागी नवा घातला, तर सहसा काही बिघडत नाही.

याचं कारण बलकातच आहे. पांढऱ्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं आणि स्निग्धांश नसल्यातच जमा. बलकात निम्मं पाणी आणि पाव भागाहून जास्त स्निग्धांश. त्यात मेयोनीजचं तेल पडलं की सारण जिभेवर बसतं आणि दुसऱ्या घासाला नकोसं होतं. ते हलकं करायला आंबट हवं, नाकात जाणारा झणका हवा आणि मीठ हवं. मूळ पाककृतीत ही कामं व्हिनेगर, मोहरी आणि मीठ करतात. वासाबी ही मोहरीच्याच कुळातली, आणि तिच्या झणक्यामागचं मुख्य द्रव्य आपल्या काळ्या मोहरीतही असतं. कोशिंबिरीसाठी मोहरी फेसणाऱ्याला हा झणका वेगळा समजावून सांगायला नको. (बाजारातल्या ट्यूबमधली वासाबी तर बहुतेकदा हॉर्सरॅडिश, मोहरी आणि हिरवा रंग यांचीच असते.) मिठाच्या जागी सोया सॉस किंवा मिसो आला की खारटपणासोबत आणखी एक चव येते. सोयाबीन आंबताना त्यातली प्रथिनं फुटतात आणि ग्लुटामेट मोकळं होतं. हीच चव किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ साली कोम्बू या समुद्री शेवाळात ओळखली आणि तिला उमामी म्हटलं. साध्या मिठाला हे जमत नाही.

मग मूळ पदार्थ मूळ राहिला का, असं कुणी विचारेल. पण मूळ नेमकं कुठलं धरायचं? तेराव्या शतकातल्या अंदालुसियाच्या एका अरबी पाकग्रंथात भरलेली अंडी आहेत. त्यांत बलक कोथिंबीर, कांद्याचा रस, मिरी, धने आणि ‘मुर्री’ घालून कुटला आहे. मुर्री म्हणजे जव आंबवून केलेला खारट रस, कामाने सोया सॉसचा सख्खा भाऊ. म्हणजे आंबवलेला रस बलकात आला तो मेयोनीजच्या कितीतरी आधी. आणि मेयोनीजही युरोपातच थांबलं नाही. जपानमध्ये क्युपी कंपनीने १९२५ पासून ते नुसत्या बलकाचं करून विकलं आणि तिथल्या घराघरांत रुळवलं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ‘एशियन फ्लेवर’ नावाची एक चव जगात नाही; आपणही आशियातच राहतो. मिसो, गोचुजांग, फिश सॉस आणि तिळाचं तेल एकाच वाडग्यात ओतलं तर चारही एकमेकांना झाकतात. एका अंड्यासाठी एकच देश निवडावा. जपानी करायचं तर सहा अंड्यांच्या बलकाला तीन मोठे चमचे मेयोनीज, दोन छोटे चमचे पांढरा मिसो, एक छोटा चमचा राइस व्हिनेगर आणि चिमूटभर वासाबी. वेगळं मीठ नकोच. कोरियन करायचं तर गोचुजांग आणि तिळाच्या तेलाचे काही थेंब. गोचुजांग गोडसर असते, म्हणून तिथे व्हिनेगर हात सैल सोडून घालावं. तिखट तेलात विरघळतं, त्यामुळे ते बलकात सगळीकडे सारखं पसरतं आणि थोडं पुरतं. सोया सॉस पातळ असल्याने तो घालायचा तर मेयोनीज कमी करावं, नाहीतर सारण वाटीतून ओघळतं.

जिन्नस कितीही महाग आणले तरी अंडं नीट उकडलं नाही तर सगळं वाया. उकळत्या पाण्यात दहा-अकरा मिनिटं पुरे, लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावं. जास्त उकडलं की बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक मिळून हिरवट कडा येते आणि वासही. अगदी ताजी अंडी सोलताना पांढरा सालासोबत निघतो. आठवड्याभराची जुनी घेतली की वाट्या गुळगुळीत निघतात. सारण आधी करून फ्रीजमध्ये ठेवता येतं, पण भाजलेले तीळ किंवा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) चुरा वाढायच्या क्षणीच घालावा, कारण ओल लागली की दोन्ही मऊ पडतात.