उष्टी काढणारे पाहुणे

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात एका टेकडीवर तेझे नावाचं खेडं आहे. गाव एवढंसं, पण उन्हाळ्यात दर रविवारी हजारो तरुण-तरुणी पाठीला पिशव्या लावून तिथे उतरतात. आठवडाभर तंबूत नाहीतर साध्या बराकीत राहतात आणि पुढच्या रविवारी परततात. त्यांचे यजमान म्हणजे मूठभर ब्रदर. लग्न न करता, सगळं सामाईक ठेवून जन्मभर एकत्र राहायचं व्रत घेतलेले हे ख्रिस्ती साधक. त्यातलेही काही दूरदेशी, गरीब वस्त्यांत राहतात. मग हजारोंच्या पंगती उठतात कशा?

पाहुणेच उष्टी काढतात! आल्या आल्या प्रत्येकाच्या वाट्याला काम येतं. कुणी भाजी चिरतं, कुणी वाढतं, कुणी संडास धुतं. काही जण मात्र कित्येक महिने, क्वचित वर्षभर मुक्काम ठोकतात. राहणं-जेवण एवढंच घेऊन हे स्वयंसेवक नव्या मंडळींना कामाला लावतात.

सकाळची न्याहारी बघा. पाव, लोण्याची वडी, चॉकलेटची कांडी आणि वाडगाभर चहा. वाडग्याला कान नाही, तो दोन्ही हातांच्या ओंजळीत धरायचा. जेवणाला काटा-सुरी नाही, एकच चमचा. मला या साधेपणात केवढी तरी अक्कल दिसते. भांडी इतकी थोडी की आजवर घरी कधी ताट न घासलेला मुलगाही ती सहज घासेल. शेजारच्याची भाषा येत नसली तरी अडत नाही. हात साबणात आणि तोंडी गाणं. तिथली प्रार्थनागीतंही तशीच, एकेका ओळीची, भजनातल्या ध्रुपदासारखी पुन्हा पुन्हा म्हणायची. दिवसातून तीनदा घंटा वाजते, हातातलं काम ठेवून सगळे चर्चमध्ये जमिनीवर बसतात. गाणं मध्येच थांबतं आणि कित्येक मिनिटं हजारो माणसं नुसती गप्प असतात.

हे सुरू झालं एका सायकलवरून. ऑगस्ट 1940 मध्ये रोजे शुट्झ हा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण जिनिव्हाहून सायकल मारत इथे आला. फ्रान्स तेव्हा नुकताच हरला होता. जर्मनव्याप्त मुलखाची सीमा इथून जवळच होती. त्याने एक जुनं घर घेतलं आणि तिकडून पळून येणाऱ्यांना आसरा दिला. त्यात ज्यू होते. 1942 मध्ये बिंग फुटलं, त्याला गाव सोडावं लागलं. 1944 मध्ये तो सोबत्यांना घेऊन परतला, तेव्हा जवळच्या छावणीत कैदी होते जर्मन सैनिक. परवानगी काढून या मंडळींनी दर रविवारी त्यांना घरी बोलावलं आणि घरात होतं-नव्हतं ते त्यांच्यासोबत वाटून खाल्लं. ज्यांच्यापासून काल माणसं लपवायची, त्यांनाच आज पानावर बसवायचं! 1949 च्या ईस्टरला सात जणांनी जन्मभराचं व्रत घेतलं. सगळे प्रोटेस्टंट; कॅथलिक ब्रदर पुढे आले.

गावातलं जुनं चर्च पुढे अपुरं पडू लागलं. नवं बांधायला आले कोण? जर्मन तरुण. युद्धात आपल्या देशाने जिथे जिथे घाव घातले तिथे जाऊन हातांनी काम करायचं, हे प्रायश्चित्त मानणाऱ्या एका ख्रिस्ती चळवळीचे ते स्वयंसेवक. 1962 मध्ये चर्च उभं राहिलं. नाव ठेवलं समेटाचं चर्च.

पैशाचं म्हणाल, तर ब्रदर स्वतःसाठी देणगी घेत नाहीत, वडिलोपार्जित वाटाही ठेवत नाहीत. मातीची भांडी, पुस्तकं, संगीत यांतून येईल त्यावर भागवतात. पाहुण्यांनी आपल्या मुक्कामाचा खर्च द्यायचा. श्रीमंत देशातल्याने जास्त, गरीब देशातल्याने कमी.

1971 च्या ईस्टरला गर्दी इतकी लोटली की समेटाचं चर्चही पुरेना. बाहेर कुणाला ठेवायचं? ब्रदरांनी नऊच वर्षांपूर्वी बांधलेली दर्शनी भिंत पाडली आणि तिथे सर्कशीचा तंबू जोडला. पुढे तंबूच्या जागी पक्कं बांधकाम झालं, पण मधे कायमची भिंत नाही, उघडता येणारे आडोसे आहेत. माणसं वाढली की ते उघडतात.