भेट स्वस्तातली चालेल, चिठ्ठी मात्र हवी

आमच्या एका दोस्ताला स्वयंपाकाचा भारी नाद. कृषी पदविकेला आम्ही एका खोलीत राहायचो, तेव्हापासूनचा. मेसची पांचट आमटी पुढ्यात आली की हा गडी मुकाट उठायचा, खोलीतल्या स्टोव्हवर तेल तापवायचा, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून टाकायचा आणि त्या आमटीला दुसरी फोडणी द्यायचा. अख्ख्या मजल्यावर वास सुटायचा. आज तो सांगलीत नोकरीला आहे. वहिनीही नोकरी करतात. त्यांना सकाळी लवकर निघावं लागतं, म्हणून सकाळचा स्वयंपाक याच्याकडे. तो आवडीने करतो आणि झकास करतो.

गेल्या उन्हाळ्यात त्याची वास्तुशांत होती. महिनाअखेर होती आणि खिशात दोन-अडीचशे रुपये. बाजारात भांड्यांच्या दुकानापुढे उभा राहिलो. काचेचे सरबत सेट, भिंतीवरची घड्याळं, चकचकीत वेष्टनातले तवे. बऱ्यापैकी दिसणारी वस्तू घ्यायची तर उधारी करावी लागणार. शिवाय त्याच्या लग्नात मी उधारीवरच एक सरबत सेट दिला होता. तो अजून खोक्यासकट माळ्यावर आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोष दोस्ताचा नाही. रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला काय लागतं, याचा मी विचारच केला नव्हता.

वाचकहो, हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला पडतो. शहरातल्या मित्राकडे, बहिणीकडे, व्याह्यांकडे जायचं तर न्यायचं काय? ज्याच्या घरी चांगला स्वयंपाक होतो त्याच्यासाठी आपल्या शेतात, परसात पुष्कळ काही असतं. पण ते द्यायचीही एक रीत आहे. ती मी एक मोठी चूक करून शिकलो. आधी ती चूकच सांगतो.

गुलाबी धने

वास्तुशांतीच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. दोस्त म्हणाला होता, "आरं, गॅलरीत कोथिंबीर लावायचीया, चार धने आण की." प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर पेरून उरलेलं बियाणं माझ्याकडे होतं. मूठभर वर्तमानपत्राच्या कागदात बांधलं आणि जाता जाता त्याच्या घरी टेकवलं. दोस्त घरी नव्हता. घाईत मीही कोणाला काही सांगितलं नाही. पुडी गेली स्वयंपाकघरात, धन्याच्या डब्याशेजारी.

आठ दिवसांनी वहिनींचा फोन. "भाऊजी, तुम्ही दिलेले धने असे गुलाबी कसे हो? मसाल्याला भाजायला घेतले होते."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. ते बीजप्रक्रिया केलेलं बियाणं होतं. बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणूनच त्याला रंग दिलेला असतो. मूळ पाकिटावर 'खाण्यासाठी वापरू नये' असा इशाराही असतो. पण पाकीट माझ्याकडे राहिलं होतं, त्यांच्या हातात नुसती पुडी. वहिनींच्या नजरेला रंग पडला म्हणून निभावलं. संध्याकाळच्या अंधुक उजेडात ते धने कढईत गेले असते, तर मसाल्यातून वर्षभर पोटात गेले असते.

गावोगावच्या बैठकांत मीच सांगतो, "बीजप्रक्रिया केलेलं बियाणं जनावरांनाही घालू नका, उरलं तर मूळ पाकिटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा." आणि मीच ते दोस्ताच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. त्या रात्री झोप आली नाही. तेव्हाच ठरवलं, यापुढे खायची किंवा लावायची वस्तू चिठ्ठीशिवाय कोणाला द्यायची नाही.

आधी चुलीकडे बघा

वास्तुशांतीला मी दुकानातून रिकाम्या हाताने परतलो आणि दोस्ताचा स्वयंपाक आठवत बसलो. तो काय करतो? फोडणी. पोह्याला, आमटीला, ताकाच्या कढीला. त्यासाठी रोज कढीपत्ता विकत आणतो आणि निम्मा फ्रीजमध्ये काळा पडून जातो. हळदीच्या पाकिटावर त्याचा विश्वास नाही. आणि कोथिंबिरीची हौस तर माझ्यामुळेच अर्धवट राहिलेली. झालं, यादी तयार झाली. कढीपत्त्याचं रोप, पाव किलो घरची हळद आणि परसबागेची एक पुडी. रोप, कुंडी, दळणाची मजुरी सगळं धरून अडीचशेच्या आतच बसलं.

कढीपत्त्याचं रोप

रोप वाटिकेतून घ्या, किंवा शेजारच्या जुन्या झाडाच्या बुडाशी आलेला फुटवा पावसाळ्यात मुळासकट काढून घ्या. फुटवा फुकटच मिळतो. पण तो महिना-दीड महिना आपल्याकडे पिशवीत जगवून, नवी पालवी फुटल्यावरच भेट द्या. मेलेलं रोप देण्यात काय अर्थ?

कुंडी फूटभर खोल आणि तळाला भोक असलेली हवी. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. रोज पाच-सहा तास ऊन लागतं. नवीन रोप उन्हाळ्यात नेलं तर पहिले आठ-दहा दिवस सावलीत ठेवावं. वरची माती सुकली की पाणी द्यायचं, रोज ओतायचं नाही. शहरातली कुंडीतली झाडं पाण्याच्या कमतरतेपेक्षा पाण्याच्या प्रेमानेच जास्त मरतात. फूटभर वाढल्यावर शेंडा खुडला की बाजूने फांद्या फुटतात. पांढऱ्या फुलांचे तुरे आले तर काढून टाकावेत म्हणजे पाला चांगला येतो. थंडीत वाढ थांबते, थोडी पानं गळतात. त्याने घाबरू नये, पाणी कमी करावं.

एक शत्रू मात्र सांगून ठेवावा. लिंबाच्या झाडावर येणारी फुलपाखराची अळी कढीपत्त्यावरही येते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि दोन दिवसांत फांदी बोडकी करते. ती हाताने वेचावी. रोजच्या फोडणीत जाणाऱ्या पाल्यावर कीटकनाशक मारायचं नाही म्हणजे नाही.

घरची हळद

सांगली आणि हळद हे नातं काय सांगायला हवं? हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं टिकायची. 2005 च्या महापुरात त्या पेवांचं मोठं नुकसान झालं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असं असूनही आपल्यातल्या कितीतरी हळद उत्पादकांच्या घरी किराणा दुकानातलं पाकीट येतं, कारण सगळा माल वाळवून, पॉलिश करून बाजारात जातो. घरासाठी पाच-दहा किलो हळकुंडं बाजूला काढायला काय जातंय? पाच किलो ओल्या हळदीपासून साधारण किलोभर वाळलेली हळद होते. त्यातली पाव किलो दोस्तासाठी.

दोन गोष्टी पाळा. एक, बेण्यासाठी राखलेल्या ढिगातून हळद उचलू नका. बेण्याला लागवडीआधी औषध लावलेलं असू शकतं, म्हणजे पुन्हा गुलाबी धन्यांचीच गोष्ट. दुसरी, सगळी दळून देऊ नका. निम्मी दळलेली आणि निम्मी अख्खी हळकुंडं द्या. पूड लवकर वास सोडते, हळकुंड टिकतं. पूड कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून लांब ठेवावी.

शहरातल्या मंडळींना विकतची हळद तपासायची एक सोपी रीतही सांगा. पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकून न ढवळता ठेवायची. चांगली हळद तळाशी बसते आणि पाणी फिकट पिवळं होतं. पाणी एकदम गडद पिवळं झालं तर कृत्रिम रंगाची शंका घ्यावी. ही घरगुती चाचणी आहे, प्रयोगशाळेचा दाखला नव्हे.

मेथी आणि कोथिंबीर

यावेळी धने एका शेतकऱ्याच्या घरचे, औषध न लावलेले घेतले. परसबागेसाठी असेच हवेत. मेथीदाणे तर स्वयंपाकघरातल्या डब्यातलेही चालतात, फक्त फार जुने नकोत. धने लाटण्याने हलके रगडून दोन डाळी वेगळ्या करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि अर्ध्या बोटाइतक्या खोल पेरायचे. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. पाचव्या दिवशी माती उकरून बघणारे मी पाहिलेत, तसं करू नये. सव्वा महिन्यात कोथिंबीर हाताशी येते. उन्हाळ्यात ती लवकर फुलोऱ्यावर जाते, तेव्हा अर्धी सावली द्यावी. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि तीन-साडेतीन आठवड्यांत काढता येते. उथळ कुंडी, फळांचं जुनं क्रेट, काहीही चालतं. दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरलं तर घरात खंड पडत नाही.

चिठ्ठीत काय लिहावं

चिठ्ठी लांबलचक नको. मी वहीच्या कागदावर ठळक अक्षरांत असं लिहिलं:

"पुडी पहिली: धने. पेरायचे. औषध लावलेलं नाही. चुकून खाल्ले तरी धोका नाही.
पुडी दुसरी: मेथीदाणे. पेरा किंवा खा.
बरणी: हळद, यंदाची, घरी शिजवून वाळवलेली. वर्षाच्या आत संपवा.
कुंडी: कढीपत्ता. आठ दिवस सावलीत. माती सुकल्यावर पाणी. पहिले सहा महिने पानं बेतानं तोडा. अळी दिसली तर हाताने काढा, औषध नको."

काय आहे, कधीचं आहे, औषध लावलंय का आणि वापरायचं कसं, एवढ्या चार गोष्टी आल्या की झालं. तीच चार वाक्यं प्रत्येक पुडीवरही थोडक्यात लिहावीत, कारण चिठ्ठी हरवते, पुडी राहते.

प्रत्येक भागात अशी एक तरी जिन्नस असतेच. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, मंगळवेढ्याची ज्वारी, भिवापूरची मिरची, कोकणातलं कोकम. ज्याला रांधायची आवड आहे त्याला अशा किलोभर मालाचं मोल काचेच्या सेटापेक्षा जास्त असतं. मात्र किलोभरच द्या. चार जणांच्या घरात पाच किलो मिरची पूड दिली तर तिला जाळी धरणार आणि भेटीचं ओझं होणार.

आषाढात दोस्ताचा फोन आला. "आरं गड्या, कढीपत्त्याच्या पानावर चिमणी शिटल्यागत काय तरी हाय, आन् ते चालतंय!" मी म्हटलं, "चिठ्ठी बघ." तो म्हणाला, "बघूनच फोन केलाय. तीन काढल्या. अजून किती निघतात?" मग अळीवरून बोलणं आमटीवर गेलं आणि आमटीवरून जुन्या खोलीतल्या स्टोव्हवर. अर्धा तास कसा गेला कळलं नाही.

हळद दिवाळीपर्यंत संपली. यंदा शिमग्यानंतर नवीन हळद दळून झाली की पुन्हा नेणार आहे. दोस्त पिशवीत सरळ हात घालतो. वहिनी मात्र अजूनही माझ्या पिशवीतली प्रत्येक पुडी आधी वाचतात आणि मगच उघडतात. त्यांचं बरोबर आहे.