जग बुडतंय… आणि सुट्टे नाहीत!

अणुयुद्धावरचे जुने ब्लॅक कॉमेडी पिक्चर आज बघवतात का? एका वीकेण्डला ओळीने चार-पाच बघून टाकले. त्याचा हा रिपोर्ट…

साठ वर्षांहून जुना. ब्लॅक अँड व्हाइट. गाणी नाहीत, हीरो नाही, अख्ख्या पिक्चरमध्ये बाई एकच आणि शेवटी सगळी दुनिया खल्लास! असा पिक्चर शनिवारी रात्री बघायला या म्हटलं तर कोण येईल? पिझ्झा माझ्याकडून, असं सांगितल्यावर ऑफिसातले चौघं आले. त्यातला सगळ्यात ज्युनिअर पंचविशीच्या आतला. 'कोल्ड वॉर' म्हणजे त्याच्या लेखी दोन मोबाइल कंपन्यांमधली भांडणं.

पिक्चर होता स्टॅनली क्युब्रिकचा 'डॉक्टर स्ट्रेंजलव्ह', साल १९६४. या प्रकारातला बापमाणूस. ज्यांनी बघितलाय ते त्याचं नाव काढलं की हसतात आणि ज्यांनी नाही बघितला ते 'बघायचाय यार' म्हणत दहा वर्षं काढतात. मला जाणून घ्यायचं होतं ते वेगळंच. हा पिक्चर आपण क्लासिक म्हणून आदराने बघतो, की खरंच हसतो?

गोष्ट थोडक्यात अशी. जनरल जॅक रिपर नावाचा अमेरिकन एअरफोर्सचा बेस कमांडर एके दिवशी ठरवतो की पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळणं हा कम्युनिस्टांचा कट आहे आणि त्यामुळे आपल्या शरीरातले मौल्यवान द्रव नासतायत. झालं! तो 'प्लॅन आर'चा हुकूम सोडतो आणि अणुबॉम्ब घेऊन हवेत असलेली बी-५२ विमानं रशियाकडे वळतात. परत बोलवायचा कोड फक्त त्यालाच ठाऊक. इकडे राष्ट्राध्यक्ष मफली वॉर रूममध्ये मीटिंग बोलावतात, रशियन राजदूतालाही आत घेतात. तेव्हा कळतं की रशियाने एक 'डूम्सडे मशीन' बसवलंय. एक बॉम्ब पडला तरी ते आपोआप सुरू होणार, पृथ्वीवर कोणी उरणार नाही आणि ते बंद करायची सोयच ठेवलेली नाही. मग असलं मशीन गुपचूप का ठेवलंत? तर म्हणे, सोमवारी पार्टीच्या अधिवेशनात जाहीर करणारच होतो, आमच्या प्रीमिअरना सरप्राइज द्यायला आवडतं!

पहिली दहा-बारा मिनिटं आमच्याकडे कोणी हसलं नाही. मी मनातून घाबरलो होतो, खरं सांगतो. एकाने तर मोबाइल बाहेर काढला.

पहिला स्फोट झाला तो फोनवर. मफली मॉस्कोला फोन लावतात. पलीकडे प्रीमिअर दिमित्री, चांगलेच प्यायलेले. आपल्याला ऐकू येते ती फक्त अलीकडची बाजू. आमच्या एका माणसाने जरा वेडेपणा केलाय, विमानं तुमच्याकडे निघालीत, ही बातमी सांगताना राष्ट्राध्यक्षांचा सूर कसा? डेडलाइन हुकली हे क्लाएंटला गोड शब्दांत सांगणाऱ्या मॅनेजरचा! मध्येच दोघांची हुज्जत, कशावरून तर कोणाला जास्त वाईट वाटतंय यावरून. आमच्या टीम लीडने पिक्चर पॉज करायला लावला, तिला श्वास घेता येईना. 'अरे, हा तर आपला सोमवारचा कॉल आहे!' ती म्हणाली.

आणि मग माझा लाडका सीन. रिपरने स्वतःला गोळी मारून घेतलीय. बेसवर असलेल्या मँड्रेक या ब्रिटिश अधिकाऱ्याला परतीचा कोड काय असेल याचा अंदाज आलाय. तो राष्ट्राध्यक्षांना कळवला की जग वाचलं. पण बेसच्या लाइन्स बंद. उरतो कॉइन टाकायचा पब्लिक फोन. ऑपरेटर पैसे मागते, याच्याकडे सुट्टे नाहीत. रिव्हर्स चार्ज कॉल व्हाइट हाउस घेत नाही! शेवटी मँड्रेक शेजारच्या कर्नलला म्हणतो, ते कोकाकोलाचं मशीन फोड आणि नाणी काढ. कर्नल कचरतो. ती खासगी मालमत्ता आहे, उद्या कंपनीला उत्तर कोण देणार?

पीसीओवर शेवटचं रुपयाचं नाणं हातात धरून बोललेली आमची पिढी हसली यात नवल नाही. ज्युनिअरने पीसीओ पाहिलेलाही नाही, पण सगळ्यात जास्त तोच हसला. त्याला म्हणे तत्काळ बुकिंगला न आलेला ओटीपी आठवला.

हा तर ऑफिसचा पिक्चर!

माझ्या मते हा पिक्चर टिकला तो इथेच. त्यात रिपर सोडला तर फारसं कोणी वेडं नाही. बाकी सगळे नेमून दिलेलं काम चोख करतायत. मेजर काँगचं विमान मिसाइलमुळे फाटतं, रेडिओ जळतो, इंधन गळतं, पण क्रू जिद्द सोडत नाही, जुगाड करून टार्गेट गाठतो. दुसऱ्या कुठल्याही वॉर फिल्ममध्ये आपण टाळ्या वाजवल्या असत्या. इथे विमानभर 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ' बसलेत आणि त्यांच्या कर्तबगारीने जगाचा निकाल लागतोय. वॉर रूममधल्या जनरल टर्जिडसनला विचारलं जातं, ते विमान रडार चुकवून पोचेल का? तो इतका खूश होतो की दोन्ही हात पसरून विमान करून दाखवतो, आमचा पोरगा कसा खाली घुसेल बघा! आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण काय बोललो. जॉर्ज सी. स्कॉटच्या चेहऱ्यावरचा तो एक सेकंद चुकवू नका.

गंमत म्हणजे क्युब्रिक कॉमेडी करायला निघालाच नव्हता. पीटर जॉर्जची 'रेड अलर्ट' ही १९५८ची कादंबरी पूर्ण गंभीर आहे. पटकथा लिहिताना जे जे हास्यास्पद वाटलं ते तो गाळत गेला आणि मग त्याला जाणवलं की गाळलेलंच जास्त खरं आहे. मग त्याने टेरी सदर्न या चावट लेखकाला सोबत घेतलं. पीटर सेलर्सचे तीन रोल तर सगळ्यांना ठाऊक असतात. मेजर काँगही तोच करणार होता, पण पाय दुखावला आणि ती भूमिका स्लिम पिकन्सकडे गेली. बॉम्बवर घोड्यासारखा बसून खाली जाणारा तो काउबॉय! २०२४मध्ये लंडनच्या रंगभूमीवर स्टीव्ह कूगनने हे नाटक केलं, तेव्हा चारही भूमिका करून सेलर्सची बाकी चुकती केली.

क्युब्रिकचं गणित बरोबर होतं का, याचा पुरावा त्याच वर्षी मिळाला. सिडनी ल्युमेटचा 'फेल सेफ' हाही १९६४चाच, गोष्टही जवळजवळ तीच. इतकी तीच, की प्रकरण कोर्टात गेलं होतं! हेन्री फोंडा राष्ट्राध्यक्ष, सगळे गंभीर, घामाघूम. आपल्या 'एक रुका हुआ फैसला'चं मूळ असलेला 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' ज्याने केला, तोच हा ल्युमेट. पिक्चर उत्तम आहे, पण स्ट्रेंजलव्हनंतर काही महिन्यांनी थिएटरात आला आणि पडला. मी रविवारी सकाळी एकट्याने पाहिला. पोटात गोळा आला. तरी सोमवारी ऑफिसात चर्चा झाली ती कोकाकोलाच्या मशीनचीच.

आणि खऱ्या जगात?

हे सगळं अतिशयोक्ती म्हणून सोडून द्यावं, तर तेही जमत नाही. अमेरिकेची अणुयुद्धाची योजना जवळून बघितलेला डॅनियल एल्सबर्ग १९६४मध्ये हा पिक्चर बघून बाहेर पडला तो ही डॉक्युमेंटरीच आहे असं म्हणत. सुरुवातीला पडद्यावर पाटी येते की असं काही आमच्याकडे घडूच शकत नाही, असं अमेरिकन एअरफोर्सचं म्हणणं आहे. बरं! नोव्हेंबर १९७९मध्ये सरावाचा डेटा चुकून खऱ्या सिस्टिममध्ये गेला आणि रशियाने हल्ला केल्याचं स्क्रीनवर झळकलं. जून १९८०मध्ये तेच पुन्हा, या वेळी कारण ४६ सेंट किमतीची एक चिप. २६ सप्टेंबर १९८३ला रशियन उपग्रहाने ढगांवरचं ऊन हे अमेरिकन मिसाइल समजून घंटा वाजवली. ड्युटीवर असलेल्या स्टॅनिस्लाव्ह पेट्रोव्हला वाटलं, पाचच मिसाइल कोण सोडेल? त्याने 'फॉल्स अलार्म' असं कळवलं. आज आपण ईएमआय भरतोय ते त्या माणसाच्या कृपेने. आणि १९८५मध्ये सोव्हिएत युनियनने 'पेरिमीटर' नावाची यंत्रणा खरंच बसवली, नेतृत्व मारलं गेलं तरी उलट हल्ला व्हावा म्हणून. पिक्चरमधल्यासारखी ती पूर्ण ऑटोमॅटिक नव्हती, शेवटचा निर्णय बंकरमधल्या माणसांकडे होता. पण जगाला सांगायचं मात्र त्यांनीही टाळलं!

सुट्ट्या पैशांचा सीनही घडलाय. १३ जानेवारी २०१८, हवाई बेटं. मोबाइलवर मेसेज आला, मिसाइल येतंय, ही ड्रिल नाही. दुरुस्तीचा मेसेज यायला ३८ मिनिटं लागली. गव्हर्नर डेव्हिड इगे यांना चूक लवकर कळली होती, पण ट्विटरचं लॉगिनच आठवत नव्हतं. हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं.

मग जुनं काय झालं? झालंय थोडंफार. ती एकुलती एक बाई, जनरलची सेक्रेटरी, बिकिनीत लोळत फोन घेते. आमच्या टीम लीडने डोळे फिरवले, रास्तच होतं. खुद्द डॉक्टर स्ट्रेंजलव्ह, म्हणजे हिटलरकडून अमेरिकेत आलेला आणि हात आपोआप सलाम ठोकणारा शास्त्रज्ञ, आज जरा ताणलेला वाटतो. उलट फ्लोराइडचा विनोद मला शिळा वाटायचा, तर २०२५मध्ये युटा राज्याने पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यावर बंदी घातली. अशी बंदी घालणारं ते अमेरिकेतलं पहिलंच राज्य. जनरल रिपर असता तर पेढे वाटले असते.

पण खरी जुनी झालेली गोष्ट वेगळी आहे. या पिक्चरमध्ये वेडा आहे तो खाली, बेसवर. सगळ्यात वर बसलेला माणूस सभ्य, शहाणा, थोडा मऊ. क्युब्रिकने ते गृहीत धरलं होतं. अमेरिकेत अणुहल्ल्याचा हुकूम द्यायला राष्ट्राध्यक्षाला कोणाचीही परवानगी लागत नाही. तेव्हाही नव्हती, आजही नाही. हे मी सांगितल्यावर ज्युनिअर म्हणाला, 'सर, आपल्याकडे कोण दाबतं बटण?' २००३पासून पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची राजकीय समिती आहे, आपण पहिला वापर करणार नाही असं जाहीर धोरण आहे, एवढं मी सांगितलं. मग कोणी काही बोललं नाही. पिझ्झाही गार झाला होता.

७ मे २०२५ला देशभर मॉक ड्रिल झालं, भोंगे वाजले, तेव्हा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर धडाधड मीम्स आले होते. दोन मीही फॉरवर्ड केले. मजा आली होती, पाच मिनिटांत भीती पळाली. स्ट्रेंजलव्ह बघून हसलो त्याहून जास्त, पण भीती गेली नाही. हसत हसत जिन्यापर्यंत गेलेले आमचे लोक अर्धा तास तिथेच उभे राहून बोलत होते.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. 'द माउस दॅट रोअर्ड' (१९५९), इथेही सेलर्सचे तीन रोल. एक चिमुकला देश अमेरिकेवर स्वारी करतो, कारण हरलं की अमेरिका मदतीचे पैसे देते. चुकून जिंकतो! आयडिया झकास, पण दात नाहीत. आईबाबांबरोबर बघा. रिचर्ड लेस्टरचा 'द बेड सिटिंग रूम' (१९६९) अगदी उलटा. अणुयुद्ध अडीच मिनिटांत संपलंय, रेडिएशनमुळे एका लॉर्डचं भाड्याच्या खोलीत रूपांतर होतं, बातम्या देणारा माणूस टीव्हीची रिकामी चौकट घेऊन घरोघरी फिरतो. मुंबईत वन-आरके शोधलेल्या माणसाला हे कळेल! पण पाऊण तासाने दमायला होतं. 'द ॲटॉमिक कॅफे' (१९८२) ही खरीखुरी डॉक्युमेंटरी, कॉमेंटरीशिवाय, नुसत्या जुन्या प्रचारफिल्म्स जोडलेल्या. शाळेतल्या मुलांना बॉम्बपासून वाचायला बाकाखाली लपायला शिकवतात, तेव्हा हसू येतं आणि लगेच जातं.

एकच बघणार असाल तर स्ट्रेंजलव्ह. तासा-दीड तासाचं काम आहे. एकट्याने नको, चार जण जमवा आणि 'फेल सेफ' दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. सुरुवातीची ती एअरफोर्सची पाटी वाचा. आणि अगदी शेवटी, सगळे खाणीत लपायचे प्लॅन करत असताना, वॉर रूमच्या कोपऱ्यात सरकणाऱ्या रशियन राजदूतावर लक्ष ठेवा. मशीन सुरू झालंय, जगायला काही क्षण उरलेत आणि हा पठ्ठ्या घड्याळातल्या कॅमेऱ्याने गुपचूप फोटो काढतोय.