माकडांचा नाच आणि मंदिराची तीन अंगणं

बालीच्या दक्षिण टोकाला उलुवाटूचं मंदिर आहे, समुद्रापासून सुमारे सत्तर मीटर उंच कड्याच्या अगदी काठावर. तिथली माकडं पर्यटकांचे चष्मे आणि मोबाइल पळवतात आणि खाऊ मिळाल्याशिवाय परत करत नाहीत. कोणत्या वस्तूला किती भाव येतो हेही त्यांना कळतं. शास्त्रज्ञांनी या देवाणघेवाणीचा रीतसर अभ्यास केला आहे. पण आपल्याला त्या माकडांकडे जायचं नाही. सूर्य मावळायला लागला की मंदिराशेजारच्या गोल रंगमंचावर दुसरी वानरसेना येते. उघड्या अंगाचे, कमरेला काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं वस्त्र गुंडाळलेले साठ-सत्तर पुरुष मधल्या दिव्याभोवती वर्तुळं करून मांडी घालून बसतात. वाद्य एकही नाही. आणि एकदम आवाज उठतो : चक्-चक्-चक्-चक्...

हा केचाक. त्यात सीताहरण होतं, जटायू पडतो, हनुमान पकडला जातो, त्याच्याभोवती नारळाच्या सोडणांचा जाळ पेटतो आणि तो जळती सोडणं लाथेनं उडवत बाहेर पडतो. मराठी प्रेक्षकाला गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडून समुद्रापार गेलेलं रामायण हजार वर्षांनी इथं असं भेटतंय, या विचारानं भारावून जाणारे कितीतरी जण असतात.

रामायण जुनं आहेच, बालीतही ते फार जुनं आहे. केचाक मात्र 1930 च्या दशकातला, म्हणजे आपल्या बोलपटांच्या वयाचा. तो ज्या रूपात आपण पाहतो, त्या रूपात घडवण्यात एका जर्मन चित्रकाराचा हात होता. आणि तो सुरुवातीपासून पाहुण्यांसाठीच होता.

हे कळलं की पहिली प्रतिक्रिया फसवणूक झाल्याची असते. ती थोडी बाजूला ठेवू, कारण आधी त्या आवाजाकडे नीट कान द्यायला हवा.

सत्तर माणसं एकाच वेळी ‘चक्’ म्हणत असती, तर नुसता ठोका ऐकू आला असता. इथं ऐकू येते ती न थांबणारी, चमचमणारी सरसर, कुणाही एका माणसाच्या तोंडून निघणं अशक्य अशा वेगाची. गुपित असं, की पुरुष गटांत वाटलेले असतात. साधा नमुना घ्या : दोनदा ‘चक्’, एक मात्रा गप्प, पुन्हा दोनदा ‘चक्’, एक मात्रा गप्प. पहिला गट असा म्हणतो. दुसरा गट हेच म्हणतो, पण एक मात्रा उशिरा. तिसरा आणखी एक मात्रा उशिरा. विटांच्या भिंतीत गवंडी जसा सांध्यावर सांधा येऊ देत नाही, तशी एका गटाची गप्प मात्रा दुसऱ्या गटाच्या गप्प मात्रेवर येत नाही. कुठल्याही क्षणी दोन गट म्हणत असतात, एक श्वास घेत असतो. शिवाय एक जण ‘पुंग पुंग’ करून लय धरतो, एक जण आलापासारखा सूर लावतो, आणि गामेलान नावाच्या बालीच्या वाद्यवृंदातल्या मोठ्या घंटेचा नाद कुणीतरी नुसत्या तोंडानं काढतो. एकूण काय, तर अख्खा वाद्यवृंद गळ्यात उतरवलेला असतो. एकमेकांच्या फटी भरत जाण्याची ही युक्ती बालीच्या काशाच्या वाद्यांवर त्याआधीपासून वाजतच होती. ती कुणा परदेशी माणसानं शिकवलेली नाही.

हा पुरुषांचा कोरससुद्धा आधी होताच, पण वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या कामासाठी. गावात साथ आली किंवा काही अरिष्ट ओढवलं की ‘सांग्यांग’ नावाचा विधी होई. लहान मुलींवर धुपाच्या धुरात आणि स्त्रियांच्या गाण्यात देवतांचा संचार होई, त्या डोळे मिटून नाचत, कधी पुरुषांच्या खांद्यांवर उभ्या राहून. ‘चक् चक्’ हा त्या संचाराला साथ देणारा आवाज होता. रामायणाचा तिथं संबंध नव्हता आणि तिकीट काढून बसलेला प्रेक्षकही नव्हता.

1927 साली वॉल्टर श्पीस बालीत राहायला आला. मॉस्कोत जन्मलेला जर्मन, चित्रकार आणि पियानोवादकही. उबुदमधलं त्याचं घर म्हणजे जगभरच्या कलावंतांचा आणि मानववंशशास्त्रज्ञांचा अड्डा झाला. बेदुलू गावचा वायान लिंबाक हा नर्तक त्याच्या परिचयाचा होता. सांग्यांगच्या कोरसमध्ये पुढारी म्हणून बसताना लिंबाकनं ‘बारिस’ या योद्ध्यांच्या नाचातल्या झेपा आणि नजरफेक मिसळली होती. श्पीसला ते भावलं. कोरस विधीपासून सोडवावा, त्यात रामायणातला प्रसंग घालावा, स्वतंत्र खेळ उभा करावा, असं दोघांच्या बोलण्यातून ठरत गेलं. त्याच सुमारास बालीत ‘राक्षसांचं बेट’ या अर्थाच्या नावाचा जर्मन चित्रपट तयार होत होता, श्पीस त्यात सल्लागार होता आणि तो 1933 साली पडद्यावर आला. लिंबाकनं पुढे हा नाच देशोदेशी नेला. श्पीसचा शेवट वाईट झाला : दुसऱ्या महायुद्धात डचांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून अटक केली, आणि 1942 च्या जानेवारीत कैद्यांना घेऊन निघालेलं जहाज जपानी बॉम्बहल्ल्यात बुडालं, त्यात तोही गेला. लिंबाक मात्र या शतकाच्या आरंभापर्यंत जगला.

पर्यटक तेव्हा बालीत आलेच कसे, ही गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. 20 सप्टेंबर 1906 रोजी डच फौजा बादुंगच्या राजवाड्यावर चालून गेल्या, तेव्हा राजा, त्याचं कुटुंब आणि सेवक पांढरी वस्त्रं नेसून बाहेर आले आणि बंदुकांच्या तोंडी सरळ चालत गेले. दीड वर्षानं क्लुंगकुंगच्या राजघराण्यानंही तेच केलं. युरोपात छीथू झाली. मग त्याच डच सत्तेनं ठरवलं, की बाली हे जिवंत संग्रहालयासारखं जपायचं. 1928 साली देनपसारमध्ये बोटकंपनीचं हॉटेल उभं राहिलं आणि 1932 साली चार्ली चॅप्लिनही येऊन गेला. ‘अस्पर्श बेट’ ही जाहिरात रक्त सुकल्यावर वीस-बावीस वर्षांत तयार झाली होती. मला विचाराल तर बालीतली सगळ्यात मोठी बनावट गोष्ट ही जाहिरातच. केचाक तिच्यापुढे फार प्रामाणिक आहे.

आता त्या फसवणुकीकडे वळू. वय कमी म्हणून नाच खोटा, असा नियम लावला तर आपल्या घरातच पंचाईत होईल. रस्त्यावरचा मांडव, वर्गणी, मेळे, मिरवणूक असा सार्वजनिक गणेशोत्सव पुण्यात 1893 च्या सुमारास आकाराला आला. केचाकहून तो चाळीसेक वर्षांनीच मोठा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर उभं राहून त्याला नकली म्हणायची हिंमत कुणात आहे?

तरी पाहुण्याची शंका अगदीच फोल नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डीन मॅकॅनेल यांनी 1973 साली एक बारीक निरीक्षण मांडलं. पर्यटकाला रंगमंच नको असतो, त्याला विंगेत डोकवायचं असतं. हे यजमानाला कळलं की तो विंगही सजवून ठेवतो. मग ‘खऱ्या गावकऱ्याच्या घरी जेवण’ हासुद्धा खेळच असतो, फक्त त्याचा पडदा दिसत नाही. या हिशेबानं पाहिलं तर केचाकमध्ये लपवाछपवी जवळपास नाही. तिकीटखिडकी आहे, खुर्च्या आहेत, कथासाराचा कागद हातात मिळतो आणि ठरलेल्या वेळी खेळ संपतो.

आणि बालीच्या लोकांनी या प्रश्नाचा विचार आपल्या आधी आणि आपल्यापेक्षा खोल केला आहे.

1969 साली तिथं आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला. 1971 साली फ्रेंच सल्लागारांनी पर्यटनाचा आराखडा केला : मोठी हॉटेलं दक्षिणेकडच्या नुसा दुआत, गावांपासून लांब. लोंढा येणार हे दिसतच होतं. त्याच वर्षी देनपसारमध्ये धर्माधिकारी, कलावंत आणि अभ्यासक एकत्र बसले, कोणता नाच पवित्र आणि कोणता करमणुकीचा हे ठरवायला. त्यांनी आधार घेतला तो स्वतःच्या मंदिराच्या रचनेचा. बालीच्या मोठ्या मंदिराला तीन अंगणं असतात. सगळ्यात आतल्या अंगणात जे होतं ते देवासाठी : त्या नाचांना म्हणायचं ‘वाली’. मधल्या अंगणातले ‘बेबाली’, विधीला जोडलेले, पण देव आणि माणूस दोघांनी बघावेत असे. बाहेरच्या अंगणातले ‘बालिह-बालिहान’, निव्वळ पाहण्यासाठी. विकायचं ते तिसऱ्या अंगणातलं.

हे वाटतं तितकं सरळ नव्हतं. आतापर्यंत एकसंध असलेल्या गोष्टीत रेघ ओढायची म्हटल्यावर तिथल्या जाणत्यांचीही अडचण झाली. अमुक एक मुखवटा देवळात असतो तेव्हा देव, आणि हॉटेलच्या हिरवळीवर असतो तेव्हा काय? यावर एक तोड बरीच प्रचलित आहे : प्रेक्षकांपुढे जायचे मुखवटे वेगळे कोरायचे आणि त्यांच्यावर प्राणप्रतिष्ठेचे संस्कार करायचे नाहीत. रंग, लाकूड, कारागीर सगळं तेच असू शकतं. पाहुण्याला फरक दिसत नाही, गावाला तो पक्का माहीत असतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त चकित केलं ते ‘पेंदेत’च्या गोष्टीनं. पेंदेत म्हणजे देवतांच्या स्वागताला फुलं वाहत करायचा मंदिरातला नाच. हॉटेलांत पाहुण्यांच्या स्वागतालाही तोच होऊ लागला, तेव्हा जाणती मंडळी अस्वस्थ झाली : देवांचं स्वागत आणि पर्यटकांचं स्वागत एकाच नाचानं कसं? म्हणून 1970 च्या सुमारास देनपसारच्या कलाविद्यालयात नवा नाच बसवण्यात आला, ‘पान्येम्ब्रामा’. तो रचला वायान बेराता या संगीतकार-नर्तकानं. हातात फुलांचं पात्र, चाल पेंदेतसारखी, पण हेतू स्पष्ट : हा माणसांसाठी. नाच देखणा होता, झटकन पसरला. आणि विद्यालयात तो शिकून आपापल्या गावी गेलेल्या मुलींनी मंदिराच्या उत्सवात देवापुढे तोच करायला सुरुवात केली! देवाचं देवाला राहावं म्हणून पर्यटकांसाठी मुद्दाम घडवलेला नाच चालत आतल्या अंगणात पोहोचला. ‘हा अस्सल का?’ असं विचारणाऱ्याला यावर काय उत्तर द्यायचं? त्या गावानं तो देवाला वाहिला, एवढं मला पुरेसं वाटतं.

2015 साली युनेस्कोनं बालीच्या तीन प्रकारच्या नृत्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. प्रकार तेच, तीन अंगणांचे. नऊ नाचांची नावं त्यात आहेत, सांग्यांग आहे. इतकी छायाचित्रं निघालेला केचाक मात्र त्या नऊंत नाही. त्याचं काही अडलेलं नाही. संध्याकाळी तिकिटं संपतात, खेळाचं उत्पन्न गावाच्या हाती येतं, बापाशेजारी मुलगा बसून गप्प मात्रा कुठं घ्यायची ते शिकतो.

काळजीची जागा वेगळीच आहे. भातखाचरांना पाणी वाटून देणाऱ्या ‘सुबाक’ या शेतकऱ्यांच्या सहकारी व्यवस्थेला 2012 साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, आणि त्याच खाचरांवर व्हिला उभे राहत आहेत. नाच पुन्हा बसवता येतो, बुजवलेला पाट पुन्हा काढता येत नाही. अस्सलतेची चौकशी करायची तर पाहुण्यानं आपल्या खोलीखाली काय होतं, हे आधी विचारावं.

आणि अजिबात विक्रीला नसलेलं काही पाहायचं असेल, तर तेही बालीत आहे, फक्त ते पाहायला बाहेर पडता येत नाही. बालीत शक संवत्सर चालतं, आपल्या शालिवाहन शकाचंच भावंड, इसवी सन 78 पासून मोजलेलं. त्याचा पहिला दिवस ‘न्येपी’. आदल्या संध्याकाळी राक्षसांच्या अजस्र प्रतिमांची मिरवणूक निघते (प्राचीन वाटणारी ही प्रथाही 1980 च्या दशकात रुजलेली!), आणि पहाटेपासून चोवीस तास सारं बेट थांबतं. दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. रस्त्यावर फक्त गावचे पहारेकरी. पर्यटकांनी हॉटेलातच राहायचं, पडदे ओढून. मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवलं जातं. पर्यटनावर जगणारं हे बेट त्या दिवशी विमानतळसुद्धा बंद ठेवतं.

2023 साली न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी आले होते, 22 मार्चला, दोन्हीकडे शके 1945. दरवर्षी असं जुळत नाही, अधिक महिन्याच्या हिशेबानं कधी महिनाभराचा फरक पडतो. तेव्हा मार्चमध्ये बालीला जायचा बेत असेल, तर विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यांचं पंचांग बघून घ्या.